चमचाभर तूप आणि उरलेल्या गोळ्या

ताई, नमस्कार.

आम्ही सांगलीजवळ खेड्यात राहतो. माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे, पुण्याला नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याला शौचावाटे रक्त आणि आव पडायला लागली. कोलोनोस्कोपी केली तेव्हा अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालं. मेसालामाइनच्या गोळ्या सुरू झाल्या, रक्त थांबलं. पण पाच-सहा किलो वजन गेलं ते अजून भरून आलेलं नाही. आता तो घरूनच काम करतो.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं आहे. सासूबाई रोज सकाळी कोमट पाण्यातून त्याला दोन मोठे चमचे गाईचं तूप देतात. तुपात ब्युटिरेट असतं आणि त्याने आतडं भरून येतं, असं त्यानेही मोबाइलवर ऐकलंय. माझे भाऊ बायपासनंतर बिनतेलाचं जेवतात, ते म्हणतात तेल-तूप पूर्ण बंद करा. त्याचा जिममधला मित्र किटो कर म्हणतो. एका व्हिडिओत सांगितलं की सूर्यफूल आणि सोयाबीनचं तेल विष आहे, म्हणून आम्ही घाण्याचं शेंगतेल आणलं. पाच लिटरचा डबा आम्हा चौघांना महिनाभर जातो. घर माळकरी आहे, मासे-मटण नाही.

मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळीच. परवा कपाट आवरताना त्याच्या गोळ्यांची भरलेली पाकिटं सापडली. विचारलं तर म्हणतो, तुपाने बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला? तेल-तुपाचं नेमकं काय करू? दिवाळी जवळ आली आहे, फराळ करू की नको?

एक आई

ताई, तुमच्या काळजीचा क्रम बरोबर आहे, म्हणून मीही गोळ्यांपासूनच सुरुवात करते.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये रक्त थांबलं म्हणजे आजार गेला, असं नसतं. बाहेरून सगळं शांत दिसत असताना मोठ्या आतड्याच्या अस्तरात दाह धुमसत असू शकतो, आणि मेसालामाइन तोच दाबून धरत असतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आजार शांत असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. ज्यांनी गोळ्या चुकवल्या त्यांच्यात आजार पुन्हा उठण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाचपटींहून जास्त निघाला. कुठल्याही तेलाने किंवा तुपाने एवढा फरक पडल्याचं आजवर कोणी दाखवलेलं नाही. तुमच्या मुलाला बरं वाटतंय ते बहुधा आधी घेतलेल्या गोळ्यांचं फळ आहे, आणि तूप नेमकं त्याच काळात सुरू झाल्यामुळे श्रेय त्याला मिळतंय.

त्याच्यावर चिडू नका. या वयात रोज मूठभर गोळ्या घेणं नकोसं होतं, आणि आपण आजारी आहोत याची आठवण दिवसातून तीनदा कुणालाच नको असते. त्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा की सगळी मात्रा दिवसातून एकदाच घेतली तर चालेल का. मेसालामाइनच्या बाबतीत बऱ्याच रुग्णांना ते चालतं, परिणामात उणेपणा येत नाही, आणि गोळ्या चुकणं कमी होतं. मधे किती दिवस चुकल्या हेही डॉक्टरांना लपवू नका. पुढचा निर्णय ते त्यावरच घेणार आहेत.

आता तेल-तूप.

अन्न आणि आपलं शरीर यांच्यामध्ये आतड्यात पेशींचा फक्त एक थर असतो. एकच. या पेशी गोधडीच्या बारीक टाक्यांसारख्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि तीन ते पाच दिवसांत जुन्या गळून नव्या येतात. त्यांच्यावर बुळबुळीत श्लेष्माचं आवरण असतं. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात. वरच्या पदरात जिवाणू राहतात, आणि अस्तराला चिकटलेला आतला पदर निरोगी माणसात जवळजवळ जिवाणूंविना असतो. अस्तराच्या खाली प्रतिकारशक्तीच्या पेशींचा शरीरातला सर्वांत मोठा साठा आहे. हे जेवण आहे, हे आपले नेहमीचे जिवाणू आहेत, यांच्यावर तुटून पडायचं नाही, हे या पेशींना प्रत्येक घासाला ओळखावं लागतं. कोलायटिसमध्ये हा संयम सुटतो. आवरण पातळ होतं, टाके उसवतात, जिवाणू अस्तराला भिडतात आणि प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्याला सोलून काढते. तुमच्या मुलाला जी आव पडत होती, ती याच आवरणाची पडझड होती.

स्निग्ध पदार्थ या सगळ्यात कसे शिरतात? तेल-तूप पोटात गेलं की ते पचवायला पित्तरस लागतो. त्यातली बहुतेक पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटी परत शोषली जातात, थोडी मोठ्या आतड्यात उतरतात. जेवण जितकं तेलकट, तितका पित्तरस जास्त, आणि खाली उतरणारा भागही जास्त. तिथले जिवाणू या पित्ताम्लांचं रूप बदलतात, आणि कोणते जिवाणू वाढणार हेही त्यावरच ठरत जातं. शिवाय स्निग्धांश शोषला जाताना जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे थोडेफार त्याच्याबरोबर आत घुसतात. २००७ साली युरोपातल्या संशोधकांनी उंदरांना चार आठवडे भरपूर चरबीचं खाणं दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तात हे तुकडे दुपटी-तिपटीने वाढले होते, आणि प्रतिकारशक्ती त्यांना पाहून सतत मंद चिडलेली राहत होती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रयोगशाळेतल्या उंदरांना जे तेलकट खाणं देतात, त्यात बरेचदा ६० टक्के ऊर्जा चरबीतून येते आणि जिवाणूंना खाता येईल असा चोथा, म्हणजे फायबर, जवळपास नसतो. असं जेवण तुमच्या घरात कोणी जेवत नाही. याच प्रकारच्या खाण्यात जेव्हा इन्युलिन नावाचा विरघळणारा चोथा मिसळला, तेव्हा उंदरांच्या आतड्याचं बरंचसं नुकसान टळलं. हा प्रयोग २०१८ मधला आहे. म्हणून मी तेल-तुपाचा विचार कधीच एकटा करत नाही. ताटात त्याच्या शेजारी काय आहे, ते पाहते.

तुपातल्या ब्युटिरेटचं कोडंही इथेच सुटतं. सासूबाईंनी ऐकलेली गोष्ट अर्धी खरी आहे. तुपात ब्युटिरिक आम्ल, म्हणजेच ब्युटिरेट, असतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा ब्युटिरेटवरच काढतात. त्यामुळे टाके घट्ट राहतात, आणि दाह आवरणाऱ्या पेशी वाढायला मदत होते. पण तुपात ते असतं शेकडा तीन-चार भाग. लहान चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम तुपात पाव ग्रॅमही भरत नाही. आणि जेवढं असतं तेवढंही जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जाऊन यकृताकडे निघून जातं. तुमच्या मुलाचा आजार आहे शेवटच्या दीड मीटरमध्ये. तिथे तुपातलं ब्युटिरेट पोहोचतच नाही.

तिथे जे ब्युटिरेट असतं, ते तिथेच तयार होतं. आपल्याला न पचलेला चोथा खाऊन जिवाणू ते बनवतात, आणि रोजचं हे उत्पादन दोन चमचे तुपातल्या ब्युटिरेटच्या कितीतरी पट असतं. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शिजवून गार केलेला भात, जरा कच्चट केळं, शेवग्याच्या शेंगा, गवार, भोपळा. सासूबाईंना ब्युटिरेटच द्यायचं असेल, तर त्यांच्या हातची भाकरी त्या तुपापेक्षा जास्त देते. हे त्यांना असंच सांगा. म्हाताऱ्या माणसाची माया चमच्यातून येत असते, तो चमचा एकदम काढून घेतला तर दुखावतात.

रिकाम्या पोटी दोन मोठे चमचे तूप मात्र थांबवा, आणि याचं कारण मला थोडं सविस्तर सांगू द्या.

२०१२ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्यांनी उंदरांना तीन प्रकारचे स्निग्ध पदार्थ दिले. एका गटाला डुकराची चरबी, दुसऱ्याला करडईचं तेल, तिसऱ्याला दुधातली चरबी. दुधातल्या चरबीने पित्ताम्लांचा प्रकार बदलला, त्यात गंधक असलेला टॉरीन जास्त आला. गंधकावर जगणारा बिलोफिला नावाचा एक जिवाणू आहे, एरवी तो अगदी थोडा असतो, तो या पित्तावर फोफावला. ज्या उंदरांत दाह आवरणारा एक घटक जन्मजात नव्हता, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना कोलायटिस झाला. बाकीच्या दोन स्निग्धांनी तसं झालं नाही. आणि हा घटक शाबूत असलेले धडधाकट उंदीर दुधातली चरबी खाऊनही ठणठणीत राहिले.

मला या प्रयोगातलं हे शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. तुमच्या सासूबाईंनी आयुष्यभर तूप खाल्लं आणि त्यांना काही झालं नाही, हे अगदी खरं असणार. त्यांचं आतडं वेगळं आहे आणि नातवाचं वेगळं. उंदरांवरून माणसांचा निकाल लावता येत नाही, पण माणसांतही एक खूण सापडली आहे. मेसालामाइनच्या वर्गातली औषधं घेणाऱ्या, आजार शांत असलेल्या ४१२ अमेरिकन रुग्णांच्या खाण्याची नोंद ठेवून संशोधकांनी वर्षभर वाट पाहिली. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खाण्यात मिरिस्टिक आम्ल नावाचा स्निग्धांशाचा एक घटक जास्त होता, त्यांच्यात आजार उठण्याचं प्रमाण जास्त होतं. हे आम्ल दुधातल्या चरबीत, खोबरेल तेलात आणि पाम तेलात असतं. आतड्याच्या दाहावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० मध्ये जो आहारसल्ला दिला, त्यात कोलायटिसच्या रुग्णांनी या तिन्हींवर हात आखडता ठेवावा असं म्हटलं आहे. पुरावा अजून पक्क्या दर्जाचा नाही, हे त्यांनीही मान्य केलं आहे. म्हणून मी तूप बंद करा असं म्हणत नाही. वरण-भातावर लहान चमचाभर, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. तेवढ्याने भात चवीचा होतो आणि पोराचं जेवण होतं.

भावाचं म्हणणं दुसऱ्या टोकाचं आहे. त्यांच्या हृदयासाठी त्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते त्यांच्यापाशी. तुमच्या मुलाचं वजन घटलंय, त्याला बिनतेलाचं जेवण देऊ नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शोषायला जेवणात थोडा स्निग्धांश लागतोच. त्यातलं अ जीवनसत्त्व तर आतड्याच्या प्रतिकारशक्तीच्या मुळाशी आहे. आतड्यातल्या काही पेशी त्यापासून रेटिनॉइक आम्ल बनवतात, आणि लसिका गाठींत तयार झालेल्या लढाऊ पेशींना आतड्याकडे परतायची वाट त्याच्यामुळे कळते. जेवणाविरुद्ध चिडायचं नाही, हा धडा देण्यातही त्याचा वाटा आहे. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांतलं रंगद्रव्य शरीरात अ जीवनसत्त्व होतं, पण ते अंगी लागायला फोडणीचं चमचाभर तेल हवं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी सुगरणी हे न शिकता जाणतात.

स्निग्धांश कमी ठेवण्यात मात्र तथ्य आहे, आणि याच आजारात त्याची परीक्षाही झाली आहे. २०२१ मध्ये मायामीच्या संशोधकांनी आजार शांत किंवा सौम्य असलेल्या १७ रुग्णांना तयार डबे पुरवले. चार आठवडे एक आहार, मधे खंड, मग चार आठवडे दुसरा. एकात स्निग्धांशातून फक्त १० टक्के ऊर्जा आणि भरपूर फळं-भाज्या होत्या, दुसऱ्यात ३५ ते ४० टक्के. कमी स्निग्धांशाच्या आहारात रक्तातली दाहाची एक खूण उतरली आणि ब्युटिरेट बनवणारा एक उपयोगी जिवाणू वाढला. पण दुसऱ्या आहारातही नेहमीच्या अमेरिकन जेवणापेक्षा फळं-भाज्या जास्त होत्या, आणि रुग्णांना दोन्हीत बरं वाटलं. १० टक्के घरी जमवणं फार कठीण आहे. मी ते सुचवणार नाही.

किटोला माझा स्पष्ट नकार आहे. त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त ऊर्जा स्निग्धांशातून येते, आणि भाकरी, भात, डाळी, बहुतेक फळं ताटातून जातात. म्हणजे जिवाणूंचं अन्नच जातं. दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रामीण भागात काय झालं ते ऐका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या २० लोकांना दोन आठवडे अमेरिकन पद्धतीचं, जास्त चरबीचं आणि कमी चोथ्याचं जेवण दिलं, आणि २० आफ्रिकी अमेरिकनांना त्या गावकऱ्यांचं मका-कडधान्याचं जेवण दिलं. दोनच आठवड्यांत गावकऱ्यांच्या आतड्याच्या अस्तरात दाहाच्या खुणा वाढल्या आणि ब्युटिरेटचं उत्पादन घटलं, तर अमेरिकनांमध्ये नेमकं उलटं झालं. आतडं किती लवकर प्रतिसाद देतं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. तुमच्या मुलाच्या मित्राला हे जरूर सांगा, तो चांगल्या मनानेच सुचवतोय.

मग सूर्यफूल आणि सोयाबीन विष आहे का? नाही. या भीतीत थोडा धागा खरा आहे, तेवढाच घ्यायचा. या तेलांत लिनोलिक आम्ल भरपूर असतं. सोयाबीनमध्ये निम्मं, सूर्यफुलात त्याहून जास्त, आणि आपल्या करडईत सर्वांत जास्त, तीन चतुर्थांशाच्या आसपास. शरीर त्यापासून दाह वाढवणारे काही रेणू बनवू शकतं. युरोपातल्या दोन लाखांहून जास्त लोकांच्या २००९ मधल्या पाहणीत, लिनोलिक आम्ल सर्वांत जास्त खाणाऱ्यांत हा आजार होण्याचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या अडीचपट दिसलं. चीनमध्ये २१७ निरोगी तरुणांना सहा महिने २०, ३० किंवा ४० टक्के स्निग्धांशाचं जेवण देऊन पाहिलं. तो अभ्यास २०१९ चा, आणि त्यातलं तेल सोयाबीनचंच होतं. ४० टक्क्यांच्या गटात ब्युटिरेट घटलं, रक्तात दाहाच्या खुणा वाढल्या. २० टक्क्यांच्या गटात, तेच तेल असूनही, ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढले. तेल तेच, प्रमाण वेगळं, परिणाम वेगळा. विष असतं तर असं झालं नसतं.

शेंगतेल तुमच्यासाठी चांगलं आहे. त्यात साधारण निम्मं ओलिक आम्ल, जे ऑलिव्ह तेलात मुख्य असतं, आणि लिनोलिक तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. घाण्याच्या तेलाला वास छान असतो, ते ताजं असतं. पण घाण्याचं म्हणून हात मोकळा सोडायचा नाही, एक ग्रॅमला नऊ कॅलरी तिथेही तेवढ्याच.

तुमच्या डब्याचा हिशेब मी केला. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. चौघांत महिन्याला वाटलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम येतं, आणि तूप त्याशिवाय. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम दिसणारा स्निग्धांश पुरे, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. शेतात राबणाऱ्याला थोडं जास्त. म्हणून एक करा, हाच डबा दीड महिना पुरवा. पळीने ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घातलं की निम्मं काम होतं. आणि आपल्या भागातल्या स्वयंपाकात एक स्निग्धांश असा असतो जो कोणी मोजत नाही. शेंगदाण्याचं कूट आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, सुक्या खोबऱ्यात त्याहूनही जास्त, आणि खोबऱ्यात ते मिरिस्टिक आम्लही आहे. कूट ठेवा, त्यात प्रथिनं आहेत आणि मुलाला वजन भरायचं आहे. खोबरं निम्मं करून त्याच्या जागी भाजलेले तीळ किंवा फुटाण्याची डाळ वापरून पाहा, रस्सा दाट होतो. आणि मुलाच्या वाटीत वरची तर्री घालू नका.

मासे खात नाही तर ओमेगा-३ कुठून आणायचं? जवसातून. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३, असतं. माशातल्या ओमेगा-३ पासून शरीर दाह शमवणारे रेणू बनवतं, आणि जवसातल्याचं त्यात रूपांतर थोडंच होतं, हे खरं. पण जवस सोबत विरघळणारा चोथाही आणतो, आणि आपल्याला तोही हवाच आहे. जवस मंद भाजून, कुटून, लसूण-मिरची-मीठ घालून चटणी करा, रोज एक मोठा चमचा. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. जी घरं मासे खातात त्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी, तळून नव्हे, तिखल्यात किंवा कालवणात. कॅप्सूलवर पैसे घालवू नका. २००८ मध्ये क्रोन्स या भावंड आजारात रोज ४ ग्रॅम ओमेगा-३ च्या कॅप्सूल देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या, आजार उठणं त्यांनी टळलं नाही.

ज्यावर मी सर्वांत कडक आहे ते घराबाहेरचं खाणं. पुण्यात असताना तो सकाळी खारी-टोस्ट, दुपारी मेसचं, संध्याकाळी वडापाव खात असेल, नाही का? बेकरीत बरेचदा वनस्पती तूप किंवा पाम तेल असतं. आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्याने परिस्थिती सुधारली, पण पाम तेल आहेच. गाड्यावरच्या कढईतलं तेल दिवसभर उकळत राहतं. अशा तेलात जे ध्रुवीय संयुगं म्हणून घटक साचतात, ते २५ टक्क्यांवर गेले की तेल फेकायचं, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. काळं, चिकट, फेसाळणारं तेल दिसलं की तिथून उठायचं, हा त्याचा घरगुती अर्थ.

पाकीटबंद आइस्क्रीम, मेयोनीज, क्रीमचे केक यांत तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ घालतात. पाकिटामागे ४६६ आणि ४३३ हे आकडे शोधायला मुलाला सांगा. पहिला कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, दुसरा पॉलिसॉर्बेट ८०. या दोन्हींमुळे उंदरांत श्लेष्माचं आवरण विरळ होऊन जिवाणू अस्तराच्या जवळ सरकले, असं २०१५ मध्ये दिसलं. पुढे २०२२ मध्ये पहिल्याची १६ निरोगी माणसांवर चाचणी झाली, आणि तो खाणाऱ्यांपैकी दोघांमध्ये तेच घडलं. मात्रा मोठी होती, माणसं थोडी होती. तरीही कोलायटिस असलेल्या मुलाने हे टाळण्यात काहीच गमवायचं नाही.

वर मी चोथ्याचं एवढं कौतुक केलं, ते आजार शांत असतानाचं आहे. रक्त पडत असेल, पोटात कळा येत असतील, तर भाकरी, उसळी, कच्ची कोशिंबीर, जवस थांबवून मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, साल काढून शिजवलेला दुधी किंवा भोपळा, पिकलेलं केळं, सोसत असेल तर ताक. शांत झालं की आठवड्याला एकेक पदार्थ परत आणायचा. हे पत्र वाचणाऱ्या कुणाला क्रोन्स असेल आणि आतडं कुठे अरुंद झालेलं असेल, त्यांनी चोथा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये, तिथे अडकण्याचा धोका असतो.

फराळ नक्की करा. पोराला सणाला वेगळं पाडू नका. पातळ पोह्यांचा चिवडा, पोहे कढईत कोरडे भाजून आणि फोडणी बेताची, खोबऱ्याचे काप थोडे. रव्याचे लाडू पाकातले, तूप नेहमीच्या निम्मं. चकली ताज्या तेलात तळा, आणि तेच तेल शंकरपाळ्यांना, मग करंज्यांना, मग भाऊबीजेच्या पुऱ्यांना असं फिरवू नका. उरलेलं गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा, गडद झालं असेल तर टाकून द्या. त्याला एका वेळी एक चकली, एक लाडू, जेवणानंतर. रिकाम्या पोटी ताटलीभर नको. अर्थात हे सगळं तेव्हा रक्त पडत नसेल तरच.

दिवाळीच्या आधी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी करायची का, ते विचारा. गोळ्या चुकलेल्या काळात आत दाह पुन्हा सुरू झाला का, ते तिच्यातून कळतं, आणि दर वेळी कोलोनोस्कोपी लागत नाही. हिमोग्लोबिन, लोह आणि ड जीवनसत्त्व पाहून घ्या, वजन न भरण्याचं कारण तिथेही असू शकतं. आणि दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा नाडी ९० च्या वर, असं कधी झालं तर वाट पाहू नका, फोनवर औषध विचारू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.